चार पावलांची खोली

नवऱ्याचा फोन आला तेव्हा मुकादमबाई दुसऱ्याच्या न्हाणीघरात ओणव्या होऊन नव्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतत होत्या. पाणी मोरीकडे जायला हवं होतं, ते निवांतपणे झोपायच्या खोलीकडे निघालं होतं. शेजारी उभा असलेला फरशीवाला पाण्याकडे न बघता छताकडे बघत होता. "उचकटा," बाई त्याला म्हणाल्या आणि ओल्या हातानेच फोन कानाला लावला.

"मला लिफ्टवरून काढलं," पलीकडून नवरा म्हणाला. "आता ती आपली आपणच चालते. बटण दाबायला माणूस नकोय त्यांना. पुढच्या आठवड्यात येतो. कायमचा."

बाईंना वाईट वाटलं, कारण परदेशात जाऊन अकरा वर्षं केलेली नोकरी अशी एका बटणावर गेली होती. आनंदही झाला, कारण नवरा येणार होता, आणि नवरा त्यांना आवडायचा. भीती मात्र वाटली ती त्याच्या पुढच्या बोलण्याने.

"आल्या आल्या पहिलं काम काय करणार माहितीये? आपल्या हॉलमध्ये चालणार. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. चौदा पावलं."

आता हॉल चौदा पावलांचा होता, यात काही खोटं नव्हतं. फक्त ती पावलं बाईंची होती. आणि नवरा होता ताडमाड उंच, तर बाई लग्नाच्या फोटोत स्टुलावर उभ्या राहिलेल्या.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी पैशांचं सांगायला हवं. सुरुवातीची वर्षं पैसे सासूबाईंच्या नावावर यायचे. घरातलं मीठ संपलं तरी बाईंना सासूबाईंपुढे जाऊन उभं राहावं लागायचं. सासूबाईही, मीठ खरंच संपलंय का, हे बरणी हलवून बघायच्या. मग सासूबाईंचा हात थरथरायला लागला, सही जुळेना, आणि बँकेतल्या माणसाने सुचवलं की खातं सुनेच्या नावावर करा. त्या महिन्यापासून मीठ मागायची पाळी सासूबाईंवर आली. बाईंनीही पहिले दोन-तीन महिने बरणी हलवून बघितली. का बघू नये? पण सासूबाई तंबाखूसाठी पैसे मागताना दाराच्या चौकटीशी बोट घासत उभ्या राहिलेल्या त्यांना दिसल्या, आणि त्यांना आपलंच बोट आठवलं. त्यानंतर पैशाचा डबा कपाटातून निघून ओट्यावर आला, दोघींच्या हाताला येईल असा. त्या घरात मागणं बंद झालं ते त्या दिवशी.

पुढे घर बांधायचं ठरलं. घर पाहावं बांधून, असं म्हणतात. ज्याने म्हटलं त्याने ते फोनवरून बांधलं नसावं. नवऱ्याच्या पैशांपेक्षा सूचनाच जास्त यायच्या. खिडक्या अशा, नळ तसे, जिना इकडून, नको तिकडून. माणूस परदेशात गेला की त्याला आपोआप बांधकाम कळायला लागतं, हे त्या गल्लीतल्या सगळ्याच बायकांनी अनुभवलेलं होतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि या नवऱ्याचा उंट तर पंचवीस मजली होता. सगळ्या सूचना रोज बदलायच्या, एक सोडून. हॉल चौदा पावलांचाच पाहिजे. का, ते त्याने कधी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही.

आखणीच्या दिवशी गवंडी पांढऱ्या फक्कीचं घमेलं घेऊन उभा राहिला. "चौदा पावलं म्हणजे कुणाची?" त्याने विचारलं.

"इथे चालणारं दुसरं कोण आहे?" बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या. त्या पुढे, फक्की टाकत गवंडी मागे. संध्याकाळी तोच गवंडी डोकं खाजवत आला. "बाई, बोळाच्या बाजूला दहा फूट जागा उरतेय. साहेबांची पावलं मोठी असतील का हो?"

बाईंना तत्क्षणी सगळं कळलं. त्या उरलेल्या पट्ट्यात जाऊन उभ्या राहिल्या. माहेरी त्या तीन बहिणींत एका सतरंजीवर झोपल्या होत्या. सासरी त्यांची ट्रंक सासूबाईंच्या पलंगाखाली होती, ती काढायची तर आधी सासूबाईंना उठवावं लागायचं. आतून कडी लावता येईल अशी जागा त्यांना आयुष्यात न्हाणीघराशिवाय मिळाली नव्हती, आणि न्हाणीघरातही कुणीतरी बाहेरून घाई करायचंच. फक्की पुसायला दहा मिनिटं पुरली असती.

"उरली तर उरली," बाई म्हणाल्या. "तिथे एक खोली काढा. एक दार हॉलमधून, एक समोरासमोर बोळात."

चूक पायांची होती, पण गप्प बसणं पूर्ण शुद्धीत झालं होतं. बाईंनी हे स्वतःशी केव्हाच कबूल केलं आहे, तेव्हा आपण त्यांची वकिली करायचं कारण नाही.

घर होईपर्यंत बाई रोज विटांच्या ढिगावर बसून राहिल्या. आधी राखणीला, मग कुतूहलाने, मग खोड काढायला. वीट विटेवर आपटली की भाजलेली कशी वाजते आणि कच्ची कशी, ते त्यांना कानाने कळू लागलं. ओळंबा सोडून त्यांनी गवंड्याला त्याचीच भिंत वाकडी असल्याचं दाखवलं, तेव्हा तो दोन दिवस रुसला आणि तिसऱ्या दिवशी त्याने ती पाडून सरळ बांधली. मग शेजारणीने बोलावलं. तिचाही नवरा बाहेर, तिच्याकडेही पैसे येत होते आणि सूचना येत होत्या, आणि तिचा गिलावा बोटाने निघत होता. तिच्या मागून तिची नणंद, नणंदेच्या मागून पलीकडची गल्ली. बाई एका चकरेचे पैसे घ्यायला लागल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं की आता कुणी बोलावणार नाही. उलट दुप्पट बोलावणी आली, कारण फुकट सल्ला तर नवरेही देत होते. मुकादमबाई हे नाव गवंड्यांनी चिडून ठेवलं होतं. पुढे तेच ते आदराने घेऊ लागले.

दहा फुटांच्या खोलीत एक टेबल आलं, भिंतीवर टेप आणि ओळंबा लटकले. सासूबाई वही घेऊन दाराशी बसू लागल्या, कारण येणारीचं नाव, गाव, सासू कशी आहे हे सगळं त्यांना विचारायचंच असायचं. ते कामासाठी विचारता येऊ लागल्याने त्यांची तब्येत सुधारली.

नवऱ्याला यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगायचं तर खोलीचं सांगावं लागलं असतं, आणि खोलीचं सांगायचं तर पावलांचं. त्यात त्याने सोफा पाठवला. त्याच्या इमारतीत कुणीतरी काढून टाकलेला, शेवाळी रंगाचा, काटकोनात वळणारा, चौदा पावलांचा हॉल डोळ्यापुढे ठेवून निवडलेला. तो जहाजाने तीन महिन्यांनी आला, आणि हॉलमध्ये मांडल्यावर त्याची आखूड बाजू बरोबर स्वयंपाकघराच्या दारावर बसली. शेवटी कड्या काढून ती बाजू खोलीत नेली. येणाऱ्या बायकांना बसायला झाली.

पण सुट्टीच्या दिवशी नवऱ्याचा व्हिडिओ कॉल यायचा आणि त्याला आधी सोफा बघायचा असायचा. मग दोघी सोफा जोडायला लागायच्या. ती बाजू नीट बसायला एकीने स्वयंपाकघरातून ओढावी लागायची, आणि ओढणारी आतच अडकायची. सासूबाई ओढायच्या. कॉल संपेपर्यंत त्या आतून बोलायच्या.

"आई एवढं काय शिजवत असते गं?" नवरा विचारायचा.

"त्यांचं मन रमतं," बाई म्हणायच्या, आणि आतून सासूबाई रिकाम्या पातेल्यात पळी फिरवायच्या.

नवरा आला त्या दिवशी सोफा जोडलेला होता, खोलीतलं टेबल भिंतीला लावून त्यावर गाद्यांचे गठ्ठे ठेवले होते, आणि ताकास तूर लागणार नाही याची सगळी व्यवस्था झाली होती. एक राहून गेली. सासूबाई आतच होत्या. अकरा वर्षं मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या माऊलीने त्याला सोफ्याच्या पाठीवरून हात लांब करून जवळ घेतलं.

नवऱ्याने बॅगा ठेवल्या, बूट काढले, भिंतीला पाठ टेकवली आणि चालायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. बाई त्याच्या पायांकडे बघत होत्या. दहाव्या पावलाला तो खोलीच्या दारावरच्या पडद्याला नाक लावून उभा राहिला. परत गेला, परत आला. दहाच.

"चार पावलं कुठे गेली?"

"नवीन घर सुरुवातीला आकसतं," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

बाईंनी पडदा सारला. "पलीकडे सामानाची खोली आहे. आखणीत चूक झाली थोडी."

नवऱ्याने आत डोकावून गठ्ठे बघितले, मागे वळून सोफ्यामागची आई बघितली. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. "सामानाला काय, कुठेही ठेवता येतं," तो म्हणाला. "ही भिंत पाडून टाकू. आपल्याच पैशाची आहे." त्याचा चेहरा प्रवासाने आणि नोकरी गेल्याने उतरलेला होता. बाई रोज मुरलेल्या गवंड्यांना उभं-आडवं घ्यायच्या, पण त्या चेहऱ्यापुढे त्यांची जीभ उचलली नाही.

दोन दिवस त्यांनी बोळाचं दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नवरा गवंडी शोधायला बाहेर पडला. तो वळणावर दिसेनासा होतो न होतो तोच बोळातून दार वाजलं. दोघीजणी होत्या, एकीच्या हातात नकाशाची गुंडाळी आणि दुसरीच्या डोळ्यात पाणी. बाईंनी गठ्ठे उतरवले. सासूबाई म्हणाल्या, "आधी तो सोफा हलवा. अजून एकदा मला कोंडलंत तर मी जेवणार नाही आणि कुणाला जेवूही देणार नाही." आखूड बाजू परत खोलीत गेली.

तिकडे नवरा पहिल्या गवंड्यापाशी पोचला. तो शिडीवर होता. "भिंत पाडायची?" त्याने वरूनच विचारलं. "मुकादमबाईंनी बघितली का?"

"माझ्या घरात या कोण बघणार?"

"मग नाही जमायचं," गवंडी म्हणाला आणि गिलावा मारू लागला.

दुसरा म्हणाला, त्यांच्या शब्दाशिवाय मी खुंटीसुद्धा ठोकत नाही. तिसरा बोलका निघाला.

"एवढे सगळे घाबरता कशाला त्या बाईला?" नवऱ्याने त्याला विचारलं.

"घाबरायचं काय? एकाने माझी मजुरी बुडवली होती, ती त्यांनी उभं राहून काढून दिली. पण उतार चुकला तर जेवायला सोडत नाहीत, हे खरं." त्याने सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर रस्ता काढून दिला. दवाखान्याच्या मागून जा, दुसरा बोळ, हिरवं दार, बाहेर चपला असतील.

नवरा कागद बघत बघत निघाला. दवाखाना ओळखीचा होता, म्हणजे आपल्याच भागात आहे ही बाई, असं त्याला वाटलं. बोळ मात्र अनोळखी, कारण घर झाल्यापासूनच्या सहा वर्षांत त्याची ती बाजू त्याला फोनवर कुणी दाखवलीच नव्हती. हिरवं दार उघडं होतं. आत दोन बायका बसल्या होत्या. तो संकोचून कडेला टेकला आणि सवयीने हात बाजूला ठेवला, तर बोटाला सिगारेटने पडलेलं भोक लागलं. शेवाळी कापडावरचं ते भोक त्याला चांगलं ठाऊक होतं. हा सोफा त्यानेच लिफ्टमध्ये उभा घालून एकोणीस मजले खाली आणला होता.

त्याने मान वर केली. दाराशी वही घेऊन त्याची आई बसली होती.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," सासूबाई म्हणाल्या. "आलायस तर बस आता. या दोघींनंतर तुझा नंबर."

टेबलापलीकडे बाईंनी त्याला बघितलं होतं. पण समोर रडणारी बाई होती आणि तिचं काम अर्धवट टाकणं त्यांना जमणारं नव्हतं. त्या रडणारीच्या नवऱ्याला घरापुढे चार खांब हवे होते, त्याच्या मालकाच्या बंगल्याला होते तसे, आणि खांबांत पैसे संपत होते. बाईंनी तिच्या फोनवरून त्याला स्पीकरवर फोन लावला.

"भाऊ, तुम्हाला खांब पाहिजेत की संडास?"

"बाई, खांब आधी होऊ द्या. चार लोक बघतात."

"संडास नसला तर चार लोक जास्त बघतील," बाई म्हणाल्या. "दोन खांब. बाकी पुढच्या वर्षी."

मग तो माणूस बारीक आवाजात बरं म्हणाला. सोफ्यावर बसलेल्या नवऱ्याला तो आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला आणि मग लक्षात आलं की फोनवर आपला आवाजही असाच लागत असेल.

त्याचा नंबर आला. आधीच्या दोघी उठायला तयार नव्हत्या, त्या नकाशाची गुंडाळी उगाच उलगडत बसल्या.

"काय काम आहे?" बाईंनी विचारलं. टेबलाखाली त्यांनी टेप घट्ट धरली होती.

"भिंत पाडायची आहे."

"कशासाठी?"

हे त्या प्रत्येकाला विचारायच्या. नवऱ्याला मात्र हे कुणीच विचारलं नव्हतं, आणि तो गडबडला. घसा खाकरून म्हणाला, "सतराव्या मजल्यावर एक म्हातारी होती. एकदा म्हणाली, पिशव्या आत आणून ठेव. दारापासून खिडकीपर्यंत चौदा पावलं भरली. मी खिडकीपर्यंत गेलो, बाहेर बघितलं, परत आलो. कुणी हटकलं नाही. लिफ्टमध्ये दीड पाऊल जागा असते. अकरा वर्षं मी दीड पावलात उभा होतो. म्हटलं, आपल्या घरात तरी एवढं चालता यावं."

नकाशावालीने पदर डोळ्याला लावला. बाईंना या माणसाबद्दल इतकी माया अकरा वर्षांत कधी दाटून आली नव्हती. खोली मात्र त्यांना तरीही द्यायची नव्हती. दोन्ही गोष्टी छातीत शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि एकही सरकून घेत नव्हती.

"पैसे तुमचे होते," बाई म्हणाल्या. "ते मी कधी नाकारलं नाही. पावलं माझी होती. ती कमी भरली हे मला आखणीच्याच दिवशी कळलं होतं, आणि मी गप्प बसले. मला ही खोली हवी होती. अजूनही हवी आहे."

"माझ्याशी खोटं बोललीस?"

"बोलले नाही. दाखवलं नाही." मग त्यांनाच ते पटलं नाही. "म्हणजे तेच ते. चुकलंच माझं. पण भिंत नाही पाडायची."

त्या उठल्या. टेबल हातभर बाजूला ओढलं, मधला पडदा सारला, हॉलचं दार आणि बोळाचं दार दोन्ही सताड उघडी केली. "तिकडच्या भिंतीपासून चालत या," त्या म्हणाल्या. गिऱ्हाइकाला सांगावं तसंच सांगितलं, त्यामुळे तो गेला.

पलीकडून पावलं ऐकू यायला लागली. दहावं उंबऱ्याशी पडलं. अकराव्याला दोघी बायकांनी सोफ्यावर पाय वर घेतले, बाराव्याला सासूबाईंनी वही छातीशी धरली. चौदाव्याला तो बोळाच्या दारात उभा होता, आणि समोर उघडा बोळ, पलीकडच्या घराची वाळत घातलेली कापडं, वर आभाळाचा तुकडा. त्याने बाहेर बघितलं.

"भरली," तो म्हणाला.

"रोज चाला," बाई म्हणाल्या. "फक्त दहाव्या पावलाला दार वाजवायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये पावलं वाजली. दहा झाली, आणि दारावर टकटक झाली.

"कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"मी."

"कामाला की चालायला?"

"चालायला."

"मग थांब जरा. आत बायका बसल्यात."

तो थांबला. पाठ भिंतीला लावून, हात मागे बांधून, लिफ्टमध्ये उभा राहायचा तसा. थोड्या वेळाने दार आतून उघडलं. बाई होत्या, पायात चपला आणि हातात टेप.

"थांबलाच आहात तर हे टोक धरा," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या गल्लीत एक ओटा मोजायचाय."

त्याने टोक हातात घेतलं. "किती पावलांचा आहे?"

"फुटांचा," बाई म्हणाल्या. "पावलांनी मोजलं की काय होतं ते मला माहितीये."